इंग्रजीतील क्रियाविशेषणाची जागा : मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून मी पुण्यात आलो आणि सदाशिव पेठेतील एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करू लागलो. अप्पा बळवंत चौकातून घेतलेल्या जुन्या व्याकरणाच्या पुस्तकातून ‘अ‍ॅडव्हर्ब’ची व्याख्या आणि सगळे प्रकार मी पाठ केले होते. तरीही पुढे नोकरीच्या एका मुलाखतीत मी ‘आय स्पीक फ्लुएंटली इंग्लिश’ असे म्हणालो. समोरच्या बाईंनी ‘आय स्पीक इंग्लिश फ्लुएंटली’ अशी शांतपणे दुरुस्ती केली. शब्द सगळे माझेच होते, चुकला होता तो क्रम.

ही चूक अज्ञानातून कमी आणि मातृभाषेच्या सवयीतून अधिक होते, असे माझे मत आहे. ‘मी इंग्रजी अस्खलित बोलतो’ आणि ‘मी अस्खलित इंग्रजी बोलतो’ ही दोन्ही वाक्ये मराठीत चालतात, कारण क्रियापद शेवटी असल्याने त्याच्या आधीचे शब्द बरेच मोकळेपणाने जागा बदलू शकतात. इंग्रजीत मात्र क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये सहसा क्रियाविशेषण येत नाही.

दुसरी अडचण ‘चांगला’ या शब्दाची आहे. ‘तो चांगला मुलगा आहे’ आणि ‘तो चांगला गातो’ या दोन्ही वाक्यांत आपण एकच शब्द वापरतो, इतकेच नव्हे तर ‘ती चांगली गाते’ असे म्हणताना त्याचे लिंगही बदलतो. त्यामुळे विशेषण कोठे संपले आणि क्रियाविशेषण कोठे सुरू झाले, हे आपल्याला जाणवतच नाही. म्हणून ‘शी सिंग्ज वेल’ऐवजी ‘शी सिंग्ज गुड’ लिहिले जाते. उलट ‘द टी टेस्ट्स गुड’ हे बरोबर आहे, कारण तेथे ‘गुड’ चहाचा गुण सांगते. मी अशा वेळी क्रियापदाच्या जागी ‘इज’ घालून पाहतो : ‘द टी इज गुड’ म्हटल्याने आशय जवळजवळ तोच राहतो, पण ‘शी इज गुड’ म्हटल्यावर गाणे नाहीसे होते.

सर्वांत जास्त वेळ मला ‘ओन्ली’ने घेतला. आपला ‘च’ दोन कामे करतो : कधी तो ‘केवळ’ हा अर्थ देतो, तर कधी नुसता जोर देतो. ‘मी आत्ताच आलो’ यात जोर आहे, त्यामुळे ‘आय केम नाऊ ओन्ली’ न म्हणता ‘आय हॅव जस्ट अराइव्ह्ड’ म्हणावे. ‘आय लिव्ह इन पुणे ओन्ली’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते, आणि बोलणाऱ्याला ‘इथे पुण्यातच’ एवढेच म्हणायचे असते. परदेशी सहकाऱ्याला मात्र त्यातून ‘पुण्याखेरीज अन्यत्र कोठेही नाही’ असा अर्थ लागू शकतो. जेथे खरोखर ‘केवळ’ म्हणायचे असेल, तेथेही जागा महत्त्वाची ठरते. ‘ओन्ली आय पेड द फी’ म्हणजे फी फक्त मी भरली, आणि ‘आय पेड ओन्ली द फी’ म्हणजे मी फक्त फी भरली, बाकीचे पैसे नाहीत.

शब्दाच्या शेवटी ‘एलवाय’ असले की ते क्रियाविशेषण, या सूत्रावर विसंबू नये. ‘फ्रेंडली’ हे विशेषण आहे, ‘फास्ट’ दोन्ही कामे करते, तर ‘हार्डली’चा अर्थ ‘कष्टाने’ नसून ‘जेमतेम’ असा आहे.

सरावासाठी मी एक वही ठेवली होती. रोजच्या घडामोडींवर पाच वाक्ये लिहायची आणि क्रियाविशेषणापासून ते ज्या शब्दाविषयी काही सांगते त्या शब्दापर्यंत पेन्सिलीने बाण काढायचा, एवढाच तिचा उपयोग होता. ‘द बस इज ऑफन लेट’ आणि ‘द बस ऑफन कम्स लेट’ ही स्वारगेटच्या थांब्यावर सुचलेली दोन वाक्ये त्या वहीत शेजारीशेजारी आहेत. ‘ऑफन’ हे ‘इज’नंतर आणि ‘कम्स’च्या आधी येते, हे मला त्यांच्यामुळेच पक्के समजले.