शरदाचं ऊन वाया घालवू नका: ऑक्टोबरात या चुका टाळा

ऑक्टोबर लागला की मोबाइलवर लाल-पिवळ्या पानांचे सडे, जाड स्वेटर आणि वाफाळत्या कपांचे फोटो दिसायला लागतात. मग आपणही सुगंधी मेणबत्त्या आणि मऊ ब्लँकेटं मागवतो. पण ती पानगळ थंड देशांची. आपल्याकडची बरीचशी झाडं पानं गाळतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. आश्विन-कार्तिकातला आपला शरद असतो स्वच्छ आभाळाचा, पिकत आलेल्या भाताचा आणि कडक उन्हाचा. मुंबईतून पाऊस परतण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख आहे ८ ऑक्टोबर. ढग हटतात, जमिनीत ओल असते, म्हणून ती ऑक्टोबर हीटची काहिली. बंद खोलीत मेणबत्ती लावली तर नुसता उकाडा वाढतो. पांघरून बसायचे दिवस पुढे आहेत. आत्ता चार महिन्यांची ओल घराबाहेर काढायची, आणि या कामाला घाई चालत नाही.

सगळ्यात जास्त घाई होते गोधडीच्या बाबतीत. माझ्याकडे आईच्या नऊवारी लुगड्यांची आणि आजोबांच्या धोतरांची पाच पदरी गोधडी आहे. एका दिवाळीच्या आवराआवरीत ती सकाळी धुतली, संध्याकाळी हाताला कोरडी लागली म्हणून घडी करून पेटीत ठेवली. डिसेंबरात काढली तर कुबट वास, आणि घडीच्या रेषेवर काळ्या बुरशीचे ठिपके. पांढऱ्या सुती भागावर लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवल्यावर ठिपके फिके झाले, मुळापासून गेले नाहीत. (रंगीत कापडावर हा उपाय आधी एका कोपऱ्यात करून बघा, रंग उडू शकतो.) आईच्या हातचा धावदोरा त्यात आहे, त्यामुळे ते ठिपके अजूनही डोळ्यांना टोचतात.

गोधडी वरून वाळते, मधले पदर ओलेच राहतात. हाताच्या तळव्याला ते कळत नाही, गालाला कळतं. गोधडी सावलीत आणून अर्धा तास राहू द्या, मग दुमडून मधला भाग गालाला लावा. थोडा जरी गारवा जाणवला तरी ओल आहे. दोन पूर्ण दिवस ऊन द्या, दुपारी उलटी करा, काठीने हलकेच झोडपा. पाच वाजायच्या आत घरात आणा, कारण या दिवसांत रात्रीचं दव पडतं आणि दिवसभराची मेहनत वाया जाते. आणि गरम असतानाच घडी घालू नका, निवू द्या.

‘आमच्या फ्लॅटला ऊनच येत नाही’ ही तक्रार नेहमी ऐकते. जूनमध्ये ते खरंही असतं, तेव्हा भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. २२-२३ सप्टेंबरनंतर तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला सरकतो आणि दक्षिणेकडच्या गॅलरीत ऊन आत शिरायला लागतं. एखाद्या सुट्टीच्या दिवशी दर तासाला बघा, ऊन कुठून कुठे जातं ते. ड्रायर विकत घ्यायचा विचार त्यानंतर करा.

उन्हाची एवढी तारीफ केली, पण रेशमी साड्या त्यात टाकू नका, रंग उडतो. त्यांना सावलीतली वाहती हवा पुरते. पैठणी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडली की ओल आतच राहते आणि जरीचे काठ काळवंडतात. जुन्या मलमलीत किंवा धुतलेल्या सुती पंच्यात गुंडाळा आणि घडी दरवर्षी वेगळ्या रेषेवर मोडा, एकाच जागी मोडत राहिली तर तिथेच विरते. किडीसाठी डांबरगोळ्यांऐवजी वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवा. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर तो मुठीत चुरा होईल इतका वाळलेला हवा. ओलसर पाला ठेवला तर बुरशी आपणच कपाटात नेली म्हणायची.

दसऱ्याला सोनं म्हणून आपण जी पानं वाटतो ती पुष्कळदा आपट्याची नसतातच, कांचनाची असतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. दोघांचाही आकार जोडपानासारखा, म्हणून घोटाळा होतो. पण मला जास्त सलतं ते ओरबाडलेलं झाड. एका सकाळच्या विक्रीसाठी फांद्याच्या फांद्या तोडल्या जातात, आणि दुसऱ्या दिवशी ती पानं रस्त्यावर तुडवली जातात. जुडी घेऊच नका. मोठ्यांच्या हातात एक पान द्यायचं, वाकून नमस्कार करायचा, दोन मिनिटं बसून बोलायचं. आमच्या सोसायटीत आता एवढंच करतो.

झेंडूची तोरणं कोमेजली की पिशवीत भरून नदीत टाकायची, ही चूक अजून होते. आधी दोरा काढा. तो बहुतेक वेळा नायलॉनचा असतो, खतात कुजत नाही. फुलं सावलीत पसरून पूर्ण वाळू द्या. मग वाळलेल्या फुलाचं देठ धरून पाकळ्या ओढा. खालून काळ्या, बारीक काड्यांसारख्या बिया निघतात, टोकाला फिक्या. पोकळ, पांढरट असतील त्या सोडून द्या. भरीव बिया कागदाच्या पुडीत ठेवा आणि जूनमध्ये लावा. संकरित फुलांच्या बियांतून तसंच फूल येईल असं नाही, पण झेंडूच येतो. उरलेल्या पाकळ्या पाण्यात उकळल्या की पिवळा रंग उतरतो. तुरटीच्या पाण्यात भिजवलेला सुती कपडा त्यात टाकला की तो चांगला धरतो.

खाण्यातली एकच चूक सांगते. उन्हातून आलं की वाटीभर दही. चरकसंहितेत शरदात दही आणि दुपारची झोप टाळायला सांगितली आहे, कारण पावसाळ्यात साठलेलं पित्त या उन्हात उसळतं असं आयुर्वेद मानतो. दूध मात्र पित्तशामक मानलं जातं, आणि कोजागरीला आपल्याकडे दूधच असतं.

त्या रात्री सगळ्यांना आठलाच दूध देऊन मोकळं व्हायचं असतं, तेही गच्चीवरचा दिवा चालू ठेवून. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, आठला इमारतींच्या आडच असतो. मध्यरात्रीच्या आसपास तो माथ्यावर येतो. दूध मंद आचेवर पाऊणपट आटवा. सारखं ढवळत राहा, खाली लागलेल्या दुधाचा वास वेलचीनेही झाकला जात नाही. केशर कोमट दुधात आधी भिजवून घाला. जायफळ चिमूटभरच, नाहीतर कडवटपणा येतो. दूध आटवून लगेच गच्चीवर नेऊन ठेवू नका, या उकाड्यात ते आंबट होऊ शकतं. घरात फ्रिजमध्ये ठेवा आणि अकराला पुन्हा कोमट करून वर न्या. दिवे बंद करा. डोळे सरावायला दहा मिनिटं लागतात. मग सतरंजीवरच्या प्रत्येकाचा चेहरा दिसायला लागतो, आणि पातेल्यात चंद्र.