पूर ओसरला, मतदान आलं: या चुका टाळा

दाराला कुलूप दिसलं की मतदार यादीत 'स्थलांतरित' शेरा मारून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि २१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान. मी नदीकाठच्या गावात बीएलओ, म्हणजे मतदार यादीचा एक भाग सांभाळणारा. शेजारच्या यादीभागाला नवा गडी होता. त्यानं एका दुपारीत नदीकडची अख्खी गल्ली उरकली आणि वर खुशीत यादी दाखवायला आला. म्हटलं, "चल, डेअरीवर जाऊ." संध्याकाळी दूध घालायला त्याच गल्लीतली निम्मी माणसं रांगेत! कोणी मळ्यातल्या शेडात राहत होतं, कोणी पाहुण्यांकडं. म्हशी मात्र गावातच. शेरे खोडता खोडता रात्र झाली.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० सरळ सांगतं, तात्पुरतं बाहेर राहिल्यानं माणूस गावचा रहिवासी असायचा थांबत नाही. शिवाय ऐकून घेतल्याशिवाय नाव कापता येत नाही. म्हणून आधी डेअरी, मग रेशन दुकान, आणि शेरा सगळ्यात शेवटी. वेळ लागतो. लागू दे.

दुसरी चूक केंद्र हलवतानाची. शाळेत चिखल आहे म्हणून केंद्राध्यक्षानं परस्पर देवळात बस्तान मांडायचं नसतं. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांमार्फत आयोगाची मंजुरी लागते. मंजुरी आली की नवा पत्ता व्हॉट्सॲपवर टाकून हात झटकू नका. दवंडी द्या, आणि मतदानादिवशी जुन्या शाळेच्या फाटकाशी कोतवालाला बसवा. फलक लावा हवा तर, पण आमच्या म्हाताऱ्या फलक वाचत नाहीत, माणसाला विचारतात.

ओळखपत्र वाहून गेलं म्हणून कुणाला परत पाठवू नका. यादीत नाव असेल तर आधार, फोटोचं बँक पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड चालतं. नुसती मतदार चिठ्ठी चालत नाही.

लाईट गेली म्हणून मतदान थांबवू नका. यंत्र बॅटरीवर चालतं.

आणि तहकुबीला फेरमतदान म्हणू नका, गावभर गोंधळ उडतो. १९५१ च्या कायद्याच्या कलम ५७ खाली आपत्तीमुळं मतदान तहकूब झालं, तर आधी मत दिलेल्यांनी पुन्हा द्यायचं नसतं. कलम ५८ खाली, म्हणजे यंत्रच निकामी होऊन मतदान रद्द ठरलं, तर सगळ्यांनी नव्यानं द्यायचं. तेव्हा शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावतात, कारण तर्जनीवरची पहिली अजून गेलेली नसते.