ओकावांगोला जाताना मऊ बॅगच घ्या

आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशातल्या मौन या गावाहून ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या सफारी कॅम्पांवर छोटी सेस्ना विमानं जातात. कॅमेऱ्यासकट सामान साधारण 20 किलो, तेही बिनचाकांच्या मऊ डफल बॅगेत. कडक ट्रॉली विमानाच्या पोटातल्या कप्प्यात मावतच नाही. म्हणून कात्री कपड्यांना लावा, लेन्सना नको. कपडे बहुतेक कॅम्पवर धुऊन मिळतात (अंतर्वस्त्रं काही ठिकाणी घेत नाहीत!).

ट्रायपॉड घरीच ठेवा, उघड्या जीपमध्ये तो नुसता पायात घोटाळतो. त्याऐवजी लेन्स टेकवायच्या बीनबॅगची रिकामी पिशवी न्या. भरायला तांदूळ मिळतील का, हे कॅम्पला आधीच विचारा. आणि जीप थांबल्याथांबल्या लेन्स बदलू नका. चाकांनी उडवलेली धूळ तेव्हाच मागून अंगावर येते.