शेवटच्या बाकाची वाट पाहू नका

दर वर्षी नाताळच्या आधी मला दोन-तीन फोन हमखास येतात. "दादा, या रविवारपासून चर्चमध्ये ऑर्गनवर मीच बसणार आहे, काय करू?" हे सगळं त्यांच्यासाठी. पेटीवर हात बसलेला आहे आणि चार आवाजांसाठी लिहिलेलं गीत अडखळत का होईना वाचता येतं, असं धरून चालतो.

मी नगर जिल्ह्यातला. एका मराठी चर्चच्या मंडळीत 18 वर्षं वाजवतोय, पोटापाण्याची नोकरी वेगळी. आमचा ऑर्गन पायांनी भाता हलवायचा, रीडचा; संगीत नाटकवाल्यांच्या पायपेटीचा थोरला भाऊ म्हणा. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमधला पाइप ऑर्गन मी एकदा ऐकला आणि परतीच्या गाडीत कोणाशी बोललो नाही. पण तसलं वाद्य आपल्या वाट्याला येईल या आशेवर राहू नका. जुना रीड ऑर्गन मिळेल, नाहीतर कीबोर्ड.

आता ज्या खड्ड्यात मी सहा वर्षं पडून होतो त्याबद्दल.

आमच्याकडे गीतं रेंगाळायची. एक वडीलधारे उपासनेनंतर म्हणाले, "भाऊ, पाचव्या कडव्याला डुलकी लागते." मी सरळ मंडळीवर ढकललं. म्हातारी माणसं आहेत, ओढतात, मी काय करणार? मग एका शनिवारी रात्री उंदरांनी भात्याचं कापड कुरतडलं. रविवारी ऑर्गन मुका. मंडळी नुसत्या गळ्यावर गायली आणि पाच कडवी झपझप संपवून मोकळी झाली. मी बाकावर बसून घाम पुसत होतो. भाता दुरुस्त झाल्यावर क्वायरमधल्या एका मुलीला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगितलं. तेच गीत. पहिलं कडवं 34 सेकंद, पाचवं 49. ओढणारा मीच होतो.

हे नीट समजून घ्या. आमचा ऑर्गन वेदीजवळ, शेवटचं बाक तिथून साधारण 25 मीटर. आवाज सेकंदाला 340 मीटरच्या आसपास जातो. माझा सूर मागे पोचायला सेकंदाचा चौदावा हिस्सा, त्यांचा आवाज माझ्याकडे यायला पुन्हा तेवढाच. म्हणजे मागची माणसं माझ्या सुराबरोबर अगदी बिनचूक गात असली, तरी मला ती 0.15 सेकंद उशिरा ऐकू येणार. मिनिटाला 80 ठोक्यांची लय असेल तर हा ठोक्याचा पाचवा हिस्सा झाला. मला वाटायचं, मागे पडलेत, घेऊ या सोबत. मी थांबायचो. ते माझंच ऐकत असल्यामुळे तेही थांबायचे, आणि मला पुन्हा उशिराच ऐकू यायचे. मी पुन्हा थांबायचो. प्रेमाने केलेली चूक होती, पण चूकच.

वर आणखी एक. मी पायही लयीत मारायचो. लय मंदावली की पाय मंदावले, हवा कमी, सूर मऊ. मागे ऐकूच जात नाही म्हटल्यावर ते आणखी चाचपडायचे. पायांचा ठोक्याशी काही संबंध नाही! पूर्ण, संथ, एकसारखे पाय मारा; गीत जलद असो की शोकाचं.

बाकी उपाय साधा आहे, पण निगरगट्टपणा लागतो. शब्द मनात म्हणा आणि ओळीच्या शेवटी स्वतः श्वास घ्या. तिथे हातही उचला. तोच सूर लागोपाठ दोनदा आला तर मध्ये तोडा. पेटीवर आपल्याला सूर धरून ठेवायची सवय असते, आणि धरलेल्या सुरात ठोका कुठे आहे ते मागे कळतच नाही. दोन कडव्यांमधलं अंतर दर वेळी मोजून तेवढंच ठेवा. सुरुवातीला जी ओळ वाजवून दाखवाल तीच लय शेवटपर्यंत. आवाज वाढवून काही होत नाही, मी तेही करून पाहिलंय. पहिले काही रविवार मंडळी कुरकुरेल, "फार पळवतो" म्हणेल. मला पाच रविवार लागले. सहाव्या रविवारी ते वडीलधारे काहीच बोलले नाहीत, म्हणजे जमलं.

अंत्यविधीत मात्र मी अजूनही थांबतो. तिथे माणसांचे गळे दाटलेले असतात. तिथला उशीर अंतराचा नसतो.

हे मला कोणी आधी का सांगितलं नाही? माझ्या मास्तरांनी बोटांवर पट्टी मारून बोटं सुधारली, उपकार आहेत. पण त्यांची मंडळी चाळीस माणसांची, एका खोलीत बसणारी. त्यांना हा त्रास कधी झालाच नाही. गुरू त्याच्या खोलीपुरता शहाणा असतो, हे माझं मत. मास्तर असते तर पट्टी पुन्हा काढली असती. पाश्चात्त्य संगीताच्या, ट्रिनिटी नाहीतर एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या ग्रेड परीक्षा जरूर द्या, वाचन पक्कं होतं. दोनशे माणसांना गायला लावणं त्यात येत नाही. आणि कीबोर्डवरचं, सगळे सूर आपोआप वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण पहिली दोन वर्षं विसरा. ज्या दिवशी ऑर्गनवर बसाल आणि पाळकसाहेब म्हणतील "अर्धा सूर खाली घ्या", त्या दिवशी बोटांना घाम फुटेल.

भजनांचं शास्त्र वेगळं. ना. वा. टिळकांनी नगरला राहून अभंग-ओवीच्या वळणाची ख्रिस्ती पदं लिहिली, त्यांच्याखाली इंग्रजी कॉर्ड भरत बसू नका. षड्ज-पंचम धरा, एखादाच स्टॉप (सुरांचा संच चालू करणारी खुंटी) ओढा, बाकी तबला आणि झांजा बघून घेतात. तिथे ऑर्गनवाला पाहुणा.

पैशांचं थोडक्यात: लग्नात पाकीट मिळतं, इतर वेळी चहा. नाताळ घरच्यांबरोबर होत नाही. बायको पहिली काही वर्षं रुसली, मग तीच क्वायरमध्ये आली.

आणि पावसाळ्यात लाकूड फुगून एखादी पट्टी खाली अडकेल, सूर थांबायचं नाव घेणार नाही. घाबरू नका. ओढलेले स्टॉप आत ढकला. तरी थांबला नाही तर पाय थांबवा, हवा संपली की तोही संपतो. तोवर पाळकसाहेबांना हाताने खूण करा, ते प्रार्थना लांबवतात. आमचे तर खूण न करताही लांबवतात.