एक्सेलने खाल्लेले आकडे

बँकेच्या नोंदी आणि खातेवही जुळवताना एका क्लायंटचे बरेच व्यवहार ‘डुप्लिकेट’ दिसत होते. रकमा वेगळ्या, तारखा वेगळ्या, पण संदर्भ क्रमांक एकच आणि शेवटी शून्यं. बँकेकडे विचारणा करण्याआधी मूळ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या मजकुराची) फाइल नोटपॅडमध्ये उघडली. तिथे सगळे क्रमांक व्यवस्थित!

एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतं, पुढच्या प्रत्येक अंकाचं शून्य करतं. फाइलवर डबल-क्लिक केलं की हे होऊन जातं. नंतर कॉलम ‘टेक्स्ट’ करून उपयोग नाही, गेलेले अंक परत येत नाहीत.

म्हणून कोरी वर्कबुक उघडून ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने फाइल घेतली. पॉवर क्वेरीमध्ये (एक्सेलमधलं डेटा आत घेण्याचं साधन) आपोआप लागलेली, कॉलमचा प्रकार स्वतःच ठरवणारी ‘चेंज्ड टाइप’ ही पायरी काढून टाकली आणि संदर्भाचा कॉलम टेक्स्ट ठेवला. तारखेला ‘युझिंग लोकेल’ने (तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने लिहिली आहे हे सांगून) प्रकार दिला, नाहीतर ५ मार्चचा ३ मे व्हायचा. (१२ नंतरच्या तारखा निदान अडकतात तरी, आधीच्या मुकाट्याने उलटतात. जास्त धोका त्यांचाच.)

तरीही डुप्लिकेट दाखवत होतंच. ही खोड डुप्लिकेट मोजायला वापरलेल्या काउंटइफ सूत्राची: टेक्स्टमधले आकडेही ते संख्या समजून तपासतं, म्हणजे पुन्हा १५ अंकांवर गाडी अडते. निकषाला शेवटी तारांकन (*) जोडलं, की ते टेक्स्ट म्हणून जुळवतं. मग दोनच खरे डुप्लिकेट उरले, आणि तेवढेच क्लायंटला कळवले.