रिपोर्टची वाट पाहताना आम्ही केलेल्या चुका, तुम्ही टाळा

आईला कॅन्सर आहे, तिच्या दुसऱ्या केमोनंतरची गोष्ट. शनिवारी दिवेलागणीला लॅबची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर आली. मी गोठ्यात म्हशीची ढेप भिजवत होतो, ओल्या हातानंच उघडली. ओळीनं ठळक 'एल', 'एल', 'एल', म्हणजे 'लो', कमी. डॉक्टर भेटणार सोमवारी. दोन रात्री घरात कोणी धड जेवलं नाही. सोमवारी डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "एवढं तर होणारच होतं."

चूक हीच, की रिपोर्ट अवेळी उघडला. त्यावरची मर्यादा निरोगी माणसाची असते. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, मग पुन्हा चढतात. डॉक्टर मुख्यतः बघतात ते न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि प्लेटलेट (रक्त गोठायला लागणाऱ्या पेशी) पुढच्या डोसाला पुरेशा आहेत का. आता आमच्याकडे रिपोर्ट ओपीडीच्या दिवशीच उघडतो. तातडीचं काही निघालं तर फोन कोण करणार, हे सिस्टरला आधी विचारून ठेवलंय. ते विचारल्याशिवाय मात्र असं करू नका.

दुसरं, एकदा तालुक्याला आणि एकदा नागपूरला तपासून दोन आकडे शेजारी ठेवणं. ट्यूमर मार्करच्या, म्हणजे कॅन्सरचा माग काढणाऱ्या रक्ततपासणीच्या बाबतीत हे हमखास फसतं. लॅब बदलली की पद्धत बदलते, आकडाही बदलू शकतो. उपचार नुकते सुरू झाले असताना तो कधी कधी काही काळ वाढतोही. शक्यतो लॅब एकच ठेवा.

पेट स्कॅनची, म्हणजे अंगात कॅन्सर कुठं आहे ते दाखवणाऱ्या स्कॅनची घाईही तशीच. खर्र्यापायी तोंडाचा कॅन्सर झालेले आमच्या गावचे एक काका. रेडिएशन संपून महिना होत नाही तोच पोरांनी स्कॅनसाठी पैशाची जुळवाजुळव केली. रेडिएशनची सूजही स्कॅनमध्ये चमकते, म्हणून अशा आजारात साधारण 12 आठवडे थांबतात. थांबले, हे बरं झालं. पण ठरल्या दिवशी बसस्टँडवर गोड चहा घेतला! निदान 6 तास उपाशी राहायचं असतं, साधं पाणी तेवढं चालतं. एसटीचा फेरा वाया, वर आणखी आठ दिवसांची धाकधूक.

आणि लपवालपवी. आम्ही परसात जाऊन फोनवर बोलायचो. एके दिवशी आई सुपातली तूर पाखडता पाखडता म्हणाली, "माह्यापासून काय लपवून राह्यला रे? तुह्यं तोंडच सांगते." तेव्हापासून तिच्या उशाला वही असते. डॉक्टरला विचारायचे प्रश्न ती सांगते, नातीनं लिहायचे. गेल्या वेळचा पहिला प्रश्न होता, कापूस वेचायला कधी जाता येईल. आम्हाला तो सुचलाच नसता.

एक गोष्ट मात्र या सगळ्यापेक्षा वेगळी. केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर रिपोर्टची वाट पाहू नका, पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबू नका. रात्र असली तरी गाडी काढा.

झोपच लागत नसेल, छाती धडधडत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. मी एकदा वावरातून लावला होता, पऱ्हाटीच्या धुऱ्यावर बसून. घरी सांगितलं नव्हतं. आता आईलाही माहीत आहे.