तीच कादंबरी, पण शार्लटच्या बाजूने लिहायची असेल तर

कर्णाच्या बाजूने, ऊर्मिलेच्या बाजूने गोष्ट सांगायची आपल्याकडे जुनीच सवय आहे, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की कादंबरीचंही तसंच करता येईल. पण रामायण-महाभारतात पाठभेद चालतात, कादंबरीत नाही, तिथे कोण कुठल्या खोलीत होतं आणि कोण काय बोललं सगळं छापून ठेवलेलं असतं. म्हणून माझा पहिला आणि जवळजवळ एकमेव नियम असा की मूळ पुस्तकात जे घडलं आणि जे बोललं गेलं त्याला हात लावायचा नाही. फक्त बघणारं माणूस बदलायचं.

उदाहरणाला जेन ऑस्टेनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) घेते, आणि त्यातली शार्लट लुकस. नायिका एलिझाबेथची जिवलग मैत्रीण, वय २७ च्या आसपास, रूप बेताचं, हातात पैसा नाही. एलिझाबेथने ज्याला नकार दिला त्या कॉलिन्स पाद्र्याशी ही दोनतीन दिवसांत लग्न ठरवून मोकळी होते. बहुतेक वाचक 'बिचारी' म्हणून पुढे जातात, म्हणूनच ती कामाची. नायिकेइतकीच हुशार पण वेगळा हिशोब करणारी बाई मिळाली की अर्धं काम झालं समजा.

आता पुस्तक परत वाचा, वही घेऊन. एकूण ६१ प्रकरणं आहेत, प्रत्येकापुढे एवढंच लिहायचं: ती तिथे होती, नव्हती, की नंतर कळलं. कंटाळवाणं काम आहे पण टाळू नका, कारण खरा माल इथेच सापडतो. बघा ना, नायक डार्सी एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो ती शार्लटच्या घरात, आणि त्या वेळी शार्लट कुठे, तर नवऱ्याबरोबर लेडी कॅथरीनकडे (डार्सीची मावशी आणि कॉलिन्सची आश्रयदाती), तिच्या रोझिंग्ज वाड्यावर चहाला! म्हणजे पुस्तकातला सगळ्यात गाजलेला सीन तिच्या छताखाली झाला आणि तिला पत्ता नाही. नवखा लेखक इथे तिला दाराआड उभी करतो, तसं करू नका प्लीज. मूळ पुस्तकात गाडीचा आवाज येताच एलिझाबेथ वर खोलीत पळते, कारण शार्लटच्या नजरेला तोंड देणं तिला जमणार नसतं. तुमचा सीन तिथून सुरू होतो. घरी आल्यावर हिला काय दिसलं? रिकामी बैठकीची खोली, डोकं दुखतंय म्हणून मागे राहिलेली मैत्रीण खाली नाही. आणि डार्सीचं एलिझाबेथवर मन असावं हा संशय शार्लटला आधीपासून होताच, तेव्हा तिला तर्क करू द्या, चुकीचा केला तरी चालेल.

जिथे ती हजर आहे पण लेखिकेने दोन ओळींत उरकलंय तिथे रमायचं. कॉलिन्स येताना तिला वरच्या खिडकीतून दिसतो आणि ती 'सहज' भेट व्हावी म्हणून मुद्दाम गल्लीत उतरते, हे एका वाक्यात आहे. त्या जिन्यावरून उतरतानाची पाच मिनिटं तुमची. घरात धाकट्या बहिणी, मोठीला स्थळ मिळालं की आपला नंबर एकदोन वर्षं लवकर लागेल म्हणून खूश, भावांना हायसं वाटलेलं की ही जन्मभर आपल्या गळ्यात पडणार नाही. हे सगळं मुळातच आहे, शोधून काढायची गरजच नाही.

आवाजाचं जरा सांभाळा. शार्लटला आजची बंडखोर बाई केलीत की फसलात. ती स्वतःच सांगते की मी रोमँटिक नाही, मला फक्त सुखाचं घर हवंय. नवऱ्याला बागकामाचं प्रोत्साहन देते म्हणजे तो बाहेर राहील, आणि स्वतः बसायला मागची खोली निवडते, कारण जास्त छान खोलीत बसली असती तर तोही तिथेच येऊन बसला असता. अशी बाई रडगाणं गात नाही, कोरडं बोलते. तसंच एलिझाबेथला खलनायिका करायची गरज नाही, मैत्रिणीच्या लग्नावर तिने केलेलं तोंड दाखवलंत तरी पुरे.

कॉपीराइटचंही बघून घ्या. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात, मोजणी पुढच्या वर्षापासून. ऑस्टेन १८१७ मध्ये गेली, तिथे प्रश्नच नाही. पण खांडेकर १९७६ मध्ये गेले, तेव्हा 'ययाति' वर काही छापायचा विचार असेल तर २०३६ संपेपर्यंत परवानगीचं बघावं लागेल. आणि ऑस्टेनचे संवाद मराठीत हवे असतील तर स्वतः करा, दुसऱ्याच्या अनुवादावर त्याचा वेगळा हक्क असतो.

शेवट कुठे करायचा? डार्सी-एलिझाबेथचं ठरणार ही बातमी लेडी कॅथरीनपर्यंत गेली ती शार्लटच्या माहेरून, लुकसांकडून, कॉलिन्सच्या घरी आणि तिथून पुढे, असं एलिझाबेथ धरून चालते. मग त्या घरात शार्लट गप्प का बसली, की तिनेच नवऱ्याच्या कानावर घातलं? पुस्तक सांगत नाही. याचं उत्तर आधी ठरवा आणि मगच पहिलं प्रकरण लिहायला घ्या. त्यानंतर लेडी कॅथरीन भडकते, आणि शार्लट, आता गरोदर, वादळ शमेपर्यंत नवऱ्याला घेऊन माहेरी येते. मी तिथेच थांबले असते, डार्सीच्या घरापर्यंत, पेम्बर्लीपर्यंत तिला ओढत नेलं नसतं.